मूळचा टप

टॉर्चसाहेबांच्या उघड्या टपाच्या गाडीचा टप अकरा वर्षांत एकदाही उघडला नव्हता, आणि ही गोष्ट ते खाली मान घालून नव्हे तर छाती पुढे काढून सांगत.

हे नाव त्यांना ऑफिसात पडले. विमा कंपनीत ते नुकसान तपासणारे सर्व्हेअर होते. आग लागलेले गोदाम असो की पाण्यात गेलेला ट्रक, हे भर दुपारीसुद्धा हातात टॉर्च घेऊन हजर व्हायचे, आणि मालक जो कोपरा दाखवी तो सोडून उरलेल्या सगळ्या कोपऱ्यांत उजेड पाडायचे. लोकांच्या जळालेल्या वस्तू जळालेल्या नाहीत हे सिद्ध करण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली. हाताखालच्यांच्या रिपोर्टात 'बाहेरून पाहता' हे शब्द दिसले की त्यांची लाल पेन्सिल चवताळून उठे. बाहेरून पाहता सगळ्यांचीच प्रकृती उत्तम असते, ते म्हणत. आत काय आहे ते लिहा.

असा माणूस गाडी घेताना फसणे शक्य नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. सगळ्यांत जास्त त्यांची स्वतःची.

गाडी होती मात्र देखणी. सायीच्या रंगाची, लांबलचक नाकाची, दोन दारांची. आत डाळिंबी चामड्याच्या सीटा, लाकडी डॅशबोर्ड, आणि वर काळ्या कापडाचा टप, जो मागे दुमडला की 'सारे आकाश आपल्या मालकीचे' होते. निदान बावन्न वर्षांपूर्वीच्या जाहिरातीत तसे छापले होते. टॉर्चसाहेबांनी ती जाहिरात फ्रेम करून बैठकीत लावली होती. त्यांच्या स्वतःच्या गाडीतून आकाश दिसायचे ते समोरच्या काचेतून, कुठल्याही टॅक्सीतून दिसते तेवढेच.

याला कारण होते. टप मूळचा होता, कारखान्यातून आला तस्सा. जुन्या गाड्यांच्या जगात इंजिन बदललेले चालते, रंग नवा चालतो, एखाद्या मालकाने नवी बायको केलेलीही चालते. पण मूळचे कापड असलेली गाडी हजारात एखादी. आणि इतके जुने कापड एकदा दुमडले की घडीवर तडकलेच म्हणून समजा. तेव्हा दुमडायचे नाही. जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरले की बाकीचे मालक टप मागे टाकून, तिरक्या टोप्या घालून वारा पीत यायचे. टॉर्चसाहेब भट्टीतून काढल्यासारखे घामाघूम यायचे आणि खिडकीतून मान बाहेर काढून बघ्यांना टपाचे माहात्म्य सांगायचे. एकदा एका बाईंनी विचारले, की ही उघडतच नसेल तर हिला उघड्या टपाची का म्हणायचे. त्यांनी यावर अर्धा तास उत्तर दिले. बाई पाचव्या मिनिटालाच पुढच्या गाडीकडे गेल्या होत्या, हे त्यांच्या नंतर लक्षात आले.

बायको या गाडीला 'पाहुणी' म्हणायची. घरातली सगळ्यात कोरडी जागा तिला, अंगावर दोन दोन चादरी, आणि काम मात्र कसले सांगायचे नाही. बायकोची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. तिचा आवाज कधी चढत नसे. चढवायची गरजच पडत नसे.

गाडीचा मूळ दोष म्हणाल तर टॉर्चसाहेबांच्याच जिभेचा. लग्न ठरल्यावर दोघे पहिल्यांदा बाहेर भेटले, तेव्हा बसच्या रांगेत उभे असताना समोरून एक उघडी गाडी गेली. आत एक जोडपे, आणि त्यातल्या बाईच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाची टोके मागे फडफडत होती. बस पाऊण तास आली नाही, आणि रिकामा वेळ माणसाकडून काहीही बोलवून घेतो. हे बोलून गेले, की एक दिवस तुलाही असे फिरवीन. बसच्या रांगेत दिलेल्या शब्दाला कुणी फारसे धरून बसत नाही. पण ऐकणारी टेलिफोन एक्स्चेंजमधली होती. एकदा ऐकलेले डोक्यात पक्के ठेवायचे, हीच तिची रोजची सवय.

पुढे तीसेक वर्षांनी खरोखरच गाडी दारात आली, तेव्हा ती त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन डोक्याला बांधायचा रेशमी रुमाल घेऊन आली. पिवळाधमक. टॉर्चसाहेबांनी तिला टपाची अडचण नीट समजावून सांगितली. तिने नीट ऐकून घेतली, रुमालाची चौपदरी घडी केली आणि किमतीच्या चिठ्ठीसकट कपाटात ठेवून दिला. अकरा वर्षे तो तिथेच होता.

आणि आता पाहुणी निघाली होती. मुलीच्या शेजारचा फ्लॅट रिकामा झाला, तिसरा मजला, लिफ्ट आहे, पण पाहुणीला लिफ्टमध्ये बसवता येत नव्हते. महिनाअखेर घर सोडायचे ठरले. गिऱ्हाईक चांगले मिळाले, एक हॉटेलवाला. नव्या हॉटेलच्या लॉबीत त्याला काचेमागे एक जुनी, खानदानी गाडी उभी करायची होती. भाव त्याने असा सांगितला, की टॉर्चसाहेबांनी फोन ठेवल्यावर तो पुन्हा लावून आकडा तपासून घेतला. अटी दोनच. पहिल्या मालकापासून सगळ्यांचा इतिहास कागदोपत्री हवा. आणि टप मूळचा हवा.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, जायच्या आधी एकदा. घरापासून पुलापर्यंत. टप उघडून."

"अगं, आता? सौदा ठरल्यावर? एक तडा गेला तर निम्मी किंमत जाईल."

"बरं."

तिने रुमालाचे नाव काढले नाही. जेवण झाल्यावर कपाट मात्र दोनदा उघडून लावले, आणि दुसऱ्यांदा जरा जोरात लावले. टॉर्चसाहेबांना दोन्ही वेळा ऐकू आले. लग्नाला इतकी वर्षे झाली की बायको काय बोलत नाही ते सगळ्यात स्वच्छ ऐकू येते.

इतिहासाची त्यांना धास्ती नव्हती. त्यांची निळी फाइल चार बोटे जाड होती. पहिला मालक गिरणीवाला. त्याने ही गाडी परदेशातून मागवली ती व्याह्याने मागवली म्हणून. त्याला वाऱ्याने सर्दी व्हायची. तो मागच्या सीटवर कानाला मफलर गुंडाळून बसे आणि टप बंद. पाच वर्षांनी व्याह्याने आपली गाडी विकली, मग यानेही विकली. तिसरा मालक लाकडाचा व्यापारी. त्याने ती तब्बल वीस वर्षे वखारीत ठेवली; गाडीत बसायला तो घाबरे, आणि ज्याला दाखवायला आणी त्याला हात लावू देत नसे. दलालाने त्याला सांगितले होते की टप मूळचा आहे, तो उघडू नका. चौथा वकील. त्याने ती एका दाव्याच्या फीपोटी घेतली आणि स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवले, की 'सदर वाहनाचा टप मूळ असून तो कधीही उघडण्यात आलेला नाही'. त्याच्या गॅरेजवरची पाण्याची टाकी फुटली, तेव्हा क्लेम तपासायला टॉर्चसाहेब गेले होते. त्यांनी वकिलाचा क्लेम निम्म्याने कापला आणि निघताना, कोणी पाहत नाही असे बघून, बॉनेटवरून हात फिरवला. कुणी बोट दाखवू नये म्हणून ते निवृत्तीपर्यंत थांबले आणि मग गाडी घेतली.

घेतली ती तपासून. पुठ्ठ्यावर उताणे पडून त्यांनी चासी नंबर वाचला, इंजिनावरचा छाप पाहिला, काचांच्या कोपऱ्यांतल्या खुणा जुळवल्या, स्क्रूंचे माथेसुद्धा मोजले. टपाशी आल्यावर वकिलाचा कागद वाचला आणि पुढे गेले. तो उघडून तपासला तर 'कधीही उघडण्यात आलेला नाही' हे खोटे पडले असते. हा युक्तिवाद त्यांना त्या दिवशी फार बिनतोड वाटला होता.

राहता राहिला दुसरा मालक, एक दातांचा डॉक्टर. सात वर्षे गाडी त्याच्याकडे होती आणि त्या सात वर्षांचा कागदाचा कपटाही नव्हता. फाइलमध्ये त्या जागी टॉर्चसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, 'या काळात वाहन अत्यंत जपून वापरले गेले असावे.' वाहन नोंदणीच्या कचेरीत चार खेपा घातल्यावर जुन्या वहीत पत्ता सापडला. डॉक्टर वारले होते, पण डॉक्टरीणबाई चौऱ्याऐंशीच्या, त्याच पत्त्यावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होत्या. त्यांच्या सहीचे दोन ओळींचे पत्र मिळाले की फाइल पूर्ण.

"मीही येते," बायको म्हणाली. "बंद गाडीतून तर बंद गाडीतून."

डॉक्टरीणबाईंचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. बैठकीच्या खोलीत, खिडकीशी, दवाखान्यातली दात काढायची खुर्ची ठेवलेली होती, आणि बाई तिच्यात बसून पेपर वाचत होत्या. पाहुण्यांशी समोरासमोर बोलता यावे म्हणून त्यांनी पायाने खटका दाबून स्वतःला वीतभर वर घेतले.

टॉर्चसाहेबांनी आपण पाचवे मालक असल्याचे सांगितले, पत्राचा मजकूर तयारच करून आणल्याचेही सांगितले. बाईंनी मजकुराचा कागद घेतला, पण वाचला नाही.

"टप उघडतो ना अजून सटासट?"

"आम्ही उघडत नाही," टॉर्चसाहेब आवाजात शक्य तितका विनय आणून म्हणाले. "मूळचा आहे."

"मूळचा?" बाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मूळचा हिनं खाल्ला."

आणि मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर गाडी जपून वगैरे अजिबात वापरत नसत. दर रविवारी टप मागे टाकून आठ माणसे भरून बाहेर पडायचे. त्यात दोन कुत्री असायची. दवाखान्यासाठी ही खुर्ची घेतली तेव्हा हातगाडीवाल्याने जास्त पैसे सांगितले म्हणून डॉक्टरांनी ती उघड्या गाडीच्या मागच्या भागात उभी केली, आणि ती पडू नये म्हणून बाईंना तिच्यात बसवले. भर बाजारातून त्या अशा, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर बसून, आल्या. दुकानदार बाहेर येऊन हात जोडत होते. घरी पोचल्यावर पाहिले तर खुर्चीच्या लोखंडी पायाने मागे दुमडलेला टप या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडला होता.

डॉक्टरांचा एक पेशंट छत्रीवाला होता. वरचे सगळे दात गेलेले आणि कवळीला पैसे नाहीत. त्याने नवा टप शिवून दिला, डॉक्टरांनी कवळी करून दिली.

"दोघांचंही काम टिकाऊ झालं, असं हे म्हणायचे," बाई म्हणाल्या. "कवळी बिचाऱ्याबरोबर गेली. टप तुमच्याकडे आहे."

टॉर्चसाहेबांनी अगदी जुन्या सवयीने विचारले, की याला काही पुरावा. बाईंना राग आला नाही. मागच्या काचेच्या वर, आतल्या बाजूला एक शिवण आहे. टप अर्धा मागे गेला की तिथली पट्टी बाहेर पडते, तिच्यावर छत्रीवाल्याचा छाप आहे. बंद असताना दिसायचा नाही. "पण तुम्ही पाहिला असेलच की," बाई म्हणाल्या, आणि टॉर्चसाहेबांनी घसा साफ केला.

पत्र त्यांनी आपल्या हाताने लिहून दिले. दोन ओळींचे नव्हे, दोन पानांचे, खुर्ची, कुत्री आणि कवळीसकट. कवळी वगळता येईल का, असे टॉर्चसाहेबांनी हळूच विचारून पाहिले. नाही म्हणाल्या, कवळीशिवाय व्यवहार समजायचा नाही.

परतताना बायको बराच वेळ वर कापडाकडे बघत बसली. सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाली, "छत्रीत बसल्यासारखं मला वाटायचंच."

टॉर्चसाहेब मनात साक्षीदार मोडीत काढत होते. वय चौऱ्याऐंशी. काळ जुना. गाडीही कदाचित दुसरीच असेल. समोरच्या काचेच्या वरचे दोन खटके सोडून टप मागे ओढला की पाच मिनिटांत सोक्षमोक्ष लागला असता. पण टप मूळचा असेल तर उघडून त्याचे वाटोळे होणार, आणि मूळचा नसेल तर महिनाअखेरपर्यंत ते माहीत नसलेलेच बरे. असा विचार करून ते रात्री झोपायला गेले, आणि अंथरुणावर पडल्यावर त्यांना आठवले की हा विचार त्यांनी आधी कुठेतरी ऐकला आहे. कुठेतरी कसला, पस्तीस वर्षे ऐकला होता. गोदामाच्या मागच्या खोलीची किल्ली हरवली आहे साहेब, असे सांगणारा प्रत्येक माणूस हाच विचार करत उभा असायचा. त्यांच्या आख्ख्या नोकरीत एकाचीही किल्ली खरोखर हरवलेली नव्हती.

दोन दिवस ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याचा फोन आला, फाइल झाली का. टॉर्चसाहेबांनी आढेवेढे घेत सांगितले, की एका बाईंचे पत्र आले आहे आणि टपाबद्दल त्यांचे जरा वेगळे म्हणणे आहे.

"तुम्ही स्वतः उघडून पाहिलंत?"

"नाही अजून."

"मग पाहूच नका ना," हॉटेलवाला समजुतीच्या सुरात म्हणाला. "ते पत्र राहू दे तुमच्याकडे. गाडी काचेमागे राहणार, टप बंद राहणार. साहेब, बाहेरून पाहता सगळं मूळचं आहे. आणखी काय पाहिजे?"

फोन ठेवून टॉर्चसाहेब खुर्चीत बसले. मग उठून निळी फाइल काढली, आपलाच अकरा वर्षांपूर्वीचा तपासणीचा कागद शोधला. चासी, इंजिन, काचा, स्क्रू, सगळे ओळीने लिहिलेले होते. शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांच्याच वळणदार अक्षरात होते: 'टप: बाहेरून पाहता उत्तम व मूळ.' ही ओळ दुसऱ्या कुणी लिहिली असती तर त्याची त्या वर्षीची पगारवाढ गेली असती. यांना मात्र बढती मिळाली होती. ते जुन्या गाडीचे मालक झाले होते.

बायको खाली बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने फोनची एकच बाजू ऐकली होती, पण एका बाजूवरून दुसरी ओळखणे तिला नवे नव्हते.

"एक विचारू? कुलूप उघडून न दाखवणाऱ्या माणसाचं तुम्ही काय करायचात?"

"क्लेम नामंजूर."

"त्याची वस्तू खरी असली तरी?"

"खरी असती तर त्यानं उघडून दाखवली नसती का?"

बायकोने पुढची कपबशी उचलली. बोलायचे ते त्यांनी स्वतःच बोलून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, टॉर्चसाहेब टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेले. बायको दारात उभी राहिली. त्यांनी गाडी बाहेर काढली, दोन खटके सोडले, कापडाला हात लावला आणि डोळे मिटून घेतले. आता तडकल्याचा आवाज येणार, म्हणून खांदेसुद्धा आक्रसले. आवाज आला नाही. टप एखादी छत्री मिटावी तसा, घडीवर घडी, निमूटपणे मागे गेला. निम्म्या वाटेवर मागच्या काचेवरची पट्टी बाहेर पडली. टॉर्चसाहेबांनी उन्हात टॉर्च पेटवून तिच्यावर धरली. एक चिमुकली छत्री छापलेली होती. खाली दुकानाचा टेलिफोन नंबर, चार आकडी.

बायको वाकून बघत होती. "अहो, हा माझ्या बोर्डावरचा नंबर. मी तेव्हा नवी होते. रोज साडेतीनला पलीकडच्या चहावाल्याचा नंबर मागायचा. आधी एक शब्द कळायचा नाही, नुसता फुसफुस आवाज. मग एका महिन्यात एकदम स्वच्छ बोलायला लागला." तिने छापावर बोट टेकवले. "मी समजत होते, लाइन दुरुस्त झाली."

टॉर्चसाहेबांनी मनात हिशेब मांडला. गिरणीवाला सर्दीने, व्यापारी भीतीने, वकील कायद्याने आणि आपण शहाणपणाने: चौघांनी मिळून बावन्नपैकी पंचेचाळीस वर्षे ही गाडी बंद ठेवली होती. छत्रीवाल्याने जे कापड उघडायला आणि मिटायला म्हणूनच शिवले होते, ते आपण अकरा वर्षे उघडेल म्हणून जपले. असला क्लेम कुणी आणला असता तर त्यांनी तो ऑफिसभर वाचून दाखवला असता.

"थांबा, आले," म्हणत बायको आत गेली आणि रुमाल घेऊन आली. तिने तो झटकून उलगडला, आणि तो चार तुकडे होऊन तिच्या हातात आला. रेशीम घडीघडीवर विरले होते. इतकी वर्षे कुणी त्याला हातही लावला नव्हता.

दुसरा घेऊ, असे टॉर्चसाहेब म्हणणार होते, पण बायकोने त्यातल्या त्यात मोठा तुकडा निवडून डोक्याला बांधलासुद्धा. किमतीची चिठ्ठी त्याच तुकड्याला होती. ती कानामागे लोंबत राहिली.

पुलापर्यंतचा रस्ता सात किलोमीटर. पहिल्याच वळणावर वाऱ्याने टॉर्चसाहेबांचे डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत मोठ्या कष्टाने बसवलेले केस उचलले आणि झेंड्यासारखे उभे केले. त्यांनी एका हाताने ते दाबून धरले, मग गिअर बदलायचा आला म्हणून सोडले, आणि मग सोडलेच. बायको हसत होती. मोठ्याने नाही, तिचा आवाज कधी चढत नसे. पण पूल येईपर्यंत ती हसत होती आणि वर बघत होती. पुलाच्या अलीकडे बसची रांग होती. रांगेतला एक तरुण गाडीकडे बघत शेजारच्या मुलीच्या कानाशी काहीतरी बोलला. त्याला हाक मारून सांगावे, की जपून बोल बाबा, या लक्षात ठेवतात, असे टॉर्चसाहेबांना फार वाटले.

घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंचे पत्र फाइलमध्ये लावले आणि हॉटेलवाल्याला कळवले. हॉटेलवाला हळहळला. पत्र लावलेच आहे तर भावही त्या हिशेबाने धरावा लागेल, म्हणाला, आणि एक तृतीयांश रक्कम कापली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रकमा कापलेल्या माणसाला यावर वाद घालणे जमले नाही. रात्री त्यांनी कापलेल्या रकमेला चौदाने भागले, येण्याजाण्याचे किलोमीटर चौदा म्हणून. आकडा पाहून त्यांना पाणी प्यावे लागले.

"एवढ्या भाड्यात विमानानं जग फिरून आलो असतो," ते बायकोला म्हणाले.

तिने कागद ओढून घेतला, चष्मा लावून बघितला.

"हे चौदा आहेत म्हणून," ती म्हणाली. "जास्त फिरलो तर दर खाली येईल."

टॉर्चसाहेबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. युक्तिवादात चूक शोधणे हा त्यांचा धंदा होता, आणि चूक सापडत नव्हती. महिना संपायला एकोणीस दिवस होते. रोज सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक. सुट्टीच्या दिवशी तीन. बांधाबांध मागे पडली, मुलगी फोनवर करवादली, घराच्या खिडक्यांचे पडदे शेवटच्या दिवशी निघाले. डॉक्टरीणबाईंना एकदा बाजारातून फिरवून आणले. त्या उभ्या राहून जायचे म्हणत होत्या, त्यांना कसेबसे बसवले. रोज रात्री टॉर्चसाहेब भागाकार करत. शेवटच्या दिवशी दर टॅक्सीच्या नऊ पटीवर आला होता, आणि त्यांना खरोखर हळहळ वाटली ती आणखी एक महिना मिळाला नाही याची.

हॉटेलवाल्याची माणसे गाडी न्यायला आली, तेव्हा त्यांनी फाइलमध्ये शेवटचा कागद लावला. तो आजही लॉबीतल्या काचेमागे, गाडीच्या इतिहासाबरोबर वाचायला मिळतो. हॉटेलवाल्याने वाचून मग लावला की न वाचताच, हे कळायला मार्ग नाही.

'मालक पाचवा. टप उघडून पाहिला. मूळचा नाही, छत्रीवाल्याचा आहे. शिवण उत्तम, घडी व्यवस्थित बसते. अकरा वर्षे वापर न झाल्यामुळे झालेले नुकसान: एक रेशमी रुमाल. कारण: मालकाची हुशारी. क्लेम नामंजूर.'